हॉरिस थर्कटलनं जुनं केलेलं गाव

लिटल ग्रंडलमधल्या ज्या ज्या घराला लोक चारशे वर्षांचं म्हणत, त्यातल्या बऱ्याच घरांची खरी जन्मतारीख हॉरिस थर्कटलला पाठ होती. पाठ असणारच. सुईणीचं काम त्यानंच केलं होतं, काही वेळा वडिलांच्या हाताखाली आणि पुढे एकट्यानं. पण त्याला कधी कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची थर्कटलांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

गाव सफोकमधलं. लिटल ग्रंडल हे नाव ऐकून लोक विचारतात, मग ग्रेट ग्रंडल कुठे आहे? ते आजवर कुणालाही सापडलेलं नाही. हॉरिस १९२० साली याच गावात जन्मला आणि लढाईची सहा वर्षं सोडली तर गावाबाहेर फारसा गेलाच नाही. वीट, लाकूड, कौल, गटार, सगळ्याला त्याचा हात चाले. अंगानं ठेंगणा, खांद्यानं रुंद, आणि कानामागे कायम एक चपटी पेन्सिल. चर्चमध्ये लग्नाला उभा राहिला तेव्हाही ती तिथेच होती. बायकोनं, म्हणजे नेलनं, पाद्र्यासमोर ती काढून स्वतःच्या हातमोज्यात ठेवली, अशी आठवण गावात सांगतात.

त्याचा बाप जेबेझ हा मात्र कलावंत. १९३० च्या दशकात लंडनची माणसं मोटारीतून येऊन खेड्यातली घरं विकत घ्यायला लागली. त्यांना सगळं जुनं पाहिजे असे. जेबेझनं वर्षभर त्यांचं ऐकून घेतलं आणि एक दिवस मुलाला म्हणाला, "हे बघ, यांना जुनं घर पाहिजे, पण जुन्या घराची ओल नको, उंदीर नकोत, अन् वाकून चालायला नको. म्हणजे यांना नवं घर पाहिजे. फक्त ते नवं आहे हे यांना कळता कामा नये."

मग बापलेक कामाला लागले. ताज्या ओकच्या तुळयांना बैलाच्या साखळीनं झोडपायचं, म्हणजे अंगावर शतकांचे वळ उठतात. वरून ट्रॅक्टरचं जळकं तेल आणि काजळी चोळायची. किडीची भोकं पाहिजे असतील तर तुळई अंगणात उभी करून तिच्यावर बारीक छऱ्यांची बंदूक झाडायची. किडीला जे उरकायला दोनशे वर्षं लागतात ते जेबेझ जेवणाच्या सुट्टीआधी उरकत असे. शेजारच्या कोंबड्या मात्र त्या काळात अंडी देईनाशा झाल्या होत्या.

त्यांचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे ओल्ड प्रायरी, म्हणजे जुना मठ. १९३८ पर्यंत ती शेतमजुरांची तीन खोपटी होती आणि लोक त्यांना सलगमांची रांग म्हणत. एका श्रीमंत विधवाबाईंनी ती घेतली. बाईंना घरात पूर्वी साधू राहून गेलेले हवे होते. जेबेझ म्हणाला, "किती पाहिजेत?" मोडीत निघालेल्या एका स्टेशनातून त्यानं वेटिंग रूमची टोकदार खिडकी आणली, तीन भिंती पाडल्या, आत तुळया चढवल्या, आणि दारावर हॉरिसनं छिन्नीनं नाव कोरलं. झाले साधू. त्याच उन्हाळ्यात एका दुपारी जेबेझ पबात गेला तो बराच वेळ आलाच नाही. अठरा वर्षांच्या हॉरिसला करमेना. त्यानं कंपास घेतला आणि चुलीवरच्या आडव्या तुळईवर सहा पाकळ्यांची फुलं काढत बसला. एकूण अकरा फुलं झाली. बारावं अर्धवट असताना बाप आला आणि त्यानं टपली मारली.

अडतीस वर्षांनी, १९७६ साली, ती प्रायरी डॉक्टर लायोनेल पेनफोल्ड यांनी घेतली. डॉक्टर दातांचे. तीन वर्षांत त्यांची बायको एलिनॉर वारली. मूल नाही, गावात कुणाशी फारशी ओळख नाही. आयुष्यभर दातांतल्या पोकळ्या बुजवलेला माणूस आता इतिहासातल्या पोकळ्या बुजवायला लागला. त्यांनी गावाचं इतिहास मंडळ काढलं, चौसष्ट पानांची एक पुस्तिका छापली, आणि त्यातली चौदा पानं नुसत्या त्या अकरा फुलांवर लिहिली. धुराड्यातून चेटकिणी आत उतरू नयेत म्हणून भेदरलेल्या साधूंनी ही रक्षाचिन्हं कोरली, असा डॉक्टरांचा सिद्धान्त. बाराव्या अर्धवट फुलापाशी साधूला काहीतरी भयंकर दिसलं असावं, असंही एक वाक्य होतं.

डॉक्टरांचं त्यावरचं पहिलं व्याख्यान गावच्या हॉलमध्ये झालं, तेव्हा हॉरिस आणि नेल शेवटच्या रांगेत होते. नेलनं कोपरानं ढोसलं.

"सांग ना त्यांना."

"विचारू देत की."

"अरे मेल्या, ते विचारणार कसे? त्यांना वाटतंय तू खुर्च्या मांडायला आलायस."

"मांडल्या आहेतच ना," हॉरिस म्हणाला आणि त्यानं दुसरं बिस्कीट घेतलं.

पुढे वर्षानुवर्षं ते असंच चाललं. डॉक्टर एकेका तुळईचं वय वाढवत जायचे आणि हॉरिस मागे बसून बिस्किटं खायचा. त्याला त्यात मजा वाटे, हे खरं. थोडा अभिमानही वाटे. आपण रिकामपणी काढलेल्या फुलांवर कुणी चौदा पानं लिहिली, हे भाग्य किती सुतारांच्या वाट्याला येतं? नव्वद साली नेल गेली. त्यानंतर व्याख्यानांत हसू दाबायला शेजारी कुणी उरलं नाही आणि मग ती मजाही निम्म्यावर आली.

हे असंच त्याच्याबरोबर थडग्यात गेलं असतं. पण १९९४ च्या मार्चमध्ये गावाच्या पंचायतीनं मोटारी उभ्या करायला जागा काढायचं ठरवलं.

पुस्तिका वाचून शनिवार-रविवारी माणसं यायला लागली होती आणि त्यांच्या गाड्या लोकांच्या फाटकांसमोर उभ्या राहत. पंचायतीचे अध्यक्षही पेनफोल्डच. त्यांनी नकाशा भिंतीवर लावला आणि छडीनं एका चौकोनावर टकटक केलं. चर्चच्या मागे पंचायतीच्या जागेत एक पत्र्याचं छप्पर असलेली, एका अंगाला कललेली लांबट शेड होती. ती मर्टल डॅककडे बापाच्या काळापासून भाड्यानं होती आणि तिथे तिची डुकरं राहत.

"ही टपरी," डॉक्टर म्हणाले, "गावाच्या ऐतिहासिक सौंदर्याला लागलेला डाग आहे. ती पाडली की अठरा गाड्यांची सोय होते."

मर्टल पहिल्याच रांगेत बसली होती. वय एकाहत्तर, पायात डुकरांकडून थेट आलेले बूट, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. तिनं लग्न केलं नव्हतं. दोन जणांनी विचारलं होतं म्हणे, पण तिनं त्यांची तुलना डुकरांशी करून पाहिली आणि नकार दिला.

"आणि माझी डुकरं कुठे जायची?" तिनं विचारलं. "तुमच्या प्रायरीत? चालेल. साधूंनंतर जागा रिकामीच आहे."

हॉल हसला. डॉक्टरांनी छडी खाली ठेवली. "मिस डॅक, भावना समजू शकतो. पण त्या शेडला काडीचंही मूल्य नाही."

तेव्हा शेवटच्या रांगेतला हॉरिस उभा राहिला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला म्हणून लोकांनी वळून पाहिलं. त्याला बोलायचं असेल असं कुणाला वाटलंच नाही; बल्ब बदलायला उठला असेल असं वाटलं.

"डॉक्टरसाहेब, ती शेड पाडू नका. चर्च सोडलं तर गावात खरोखर जुनं असं तेवढं एकच आहे."

पेनफोल्ड समजुतीनं हसले. रुग्णाला दुखणार नाही असं सांगताना हसत असतील तसं. "थर्कटल, तुमचा या विषयातला अभ्यास काय?"

"अभ्यास नाही हो. बाकीचं मी केलंय."

"केलंय म्हणजे?"

"म्हणजे बनवलंय. मी अन् आमच्या बापानं."

हॉरिसला आत्ता कुठे कळलं की आपण काय सुरू केलंय. पण उतारावर सुटलेली हातगाडी मध्येच थांबत नाही, तसं झालं. तो सांगत गेला. गिरणीवाल्यांच्या घराच्या तुळया सत्तेचाळीसच्या. टपाल कचेरीवरचा वाकडा माळा पन्नासचा, आणि तो मुद्दाम वाकडा केलेला, त्याचे निराळे पैसे पडले होते. 'काळी गाय' पबच्या दारावरची १५८० सालाची पाटी एकसष्टची.

"खोटं!" पबवाला क्लाइव्ह बग ओरडला. "ती पाटी मी विकत घेताना कागदात लिहून घेतलीय!"

"तुझ्या आधीच्या मालकाला सोळाशे ऐंशी पाहिजे होतं, क्लाइव्ह. माझ्याकडे सहाचा आकडा नव्हता. तो म्हणाला, पाच लाव, अजून बरं दिसेल."

"आणि प्रायरी?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

हॉरिसनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपण बिस्किटं खात गप्प बसलो होतो तेच बरं होतं. "ते मग कधीतरी सांगतो," तो म्हणाला आणि खाली बसला.

सभा त्या दिवशी ठराव न करताच मोडली.

दुसऱ्या दिवसापासून हॉरिसला गाव परकं झालं. क्लाइव्हनं त्याला पबात येऊ नको म्हणून सांगितलं. गिरणीवाल्यांनी घर विकायला काढलं होतं, त्यांनी तर रस्त्यात गाठून विचारलं, तोंड महिनाभर बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? दुकानातली बाई पाव द्यायची पण हवेबद्दल बोलायची नाही, आणि आमच्याकडे माणसाशी हवेबद्दल बोलायचं बंद केलं म्हणजे त्याला वाळीत टाकल्यातच जमा. पाद्रीबुवा सायकलवरून उतरून हळूच विचारते झाले, "हॉरिस, चर्चमध्ये तर तुम्ही काही… नाही ना?"

"नाही हो बुवा. नुसती पन्हळ." हॉरिस थोडा थांबला. "अन् डावीकडच्या देवदूताचं नाक."

पाद्रीबुवा परत सायकलवर चढले.

आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती मर्टल डॅक तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराशी उभी राहिली ती उपकार मानायला नव्हे.

"हॉरिस थर्कटल, तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"अगं, तुझी शेड वाचवत होतो मी."

"वाचवतोय म्हणे! आता सरकारी माणसं येतील वह्या घेऊन. हे हलवू नका, ते शिवू नका, इथे डुक्कर ठेवू नका. पाडली असती तर निदान दुसरी मागता आली असती. अन् तुला एवढा त्या शेडचा पुळका, तर त्रेपन्न साली पत्रा ठोकलास तेव्हा उत्तरेकडची पन्हळ शुक्रवारी लावतो म्हणाला होतास."

"म्हणालो होतो का?"

"म्हणाला होतास. कुठल्या शुक्रवारी ते विचारायचं आमच्या बाबांकडून राहून गेलं."

त्याच दिवशी दुपारी हॉरिस शिडी घेऊन गेला आणि त्यानं एकेचाळीस वर्षं राहिलेली पन्हळ लावली. मर्टल खाली उभी राहून चुका काढत होती. मध्येच ती म्हणाली, "खरंच जुनी आहे रे ही? का तूच काहीतरी करून ठेवलंयस?"

"खरंच जुनी आहे."

आणि त्यानं तिला ते सांगितलं, जे आजवर फक्त नेलला सांगितलं होतं. त्रेपन्न सालच्या जानेवारीतल्या मोठ्या वादळात शेडचं गवती छप्पर उडालं तेव्हा पत्रे टाकायला तो वर चढला होता. आतले वासे बघून तो हातोडा तसाच धरून बसून राहिला. वासे काळेभोर होते. तेल चोळलेले काळे नव्हेत. त्यानं बोट फिरवलं तर बोटाला काजळी आली, चिमणीतल्यासारखी. म्हणजे हे घर होतं, आणि त्या घराला धुराडं असं नव्हतंच. मधोमध जमिनीवर चूल पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. एवढ्या मोठ्या सांगाड्यात कुठे एक खिळा नव्हता, सगळ्या लाकडी मेखा. आयुष्यात पहिल्यांदा हॉरिसनं एखाद्या घराला काहीही न करता फक्त झाकलं आणि तो खाली उतरला.

मर्टलनं मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "पन्हळ डावीकडे वर आलीय बघ."

मेच्या सुरुवातीला जिल्ह्याच्या कचेरीतून मिस टकर आल्या. जुन्या इमारतींची नोंद करणं हे त्यांचं काम. पस्तिशीच्या, खिशात टॉर्च, केसांत कोळ्याची जाळी, आणि ती जाळी झटकायची त्यांना घाई नसे. डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षांपूर्वीच प्रायरी पाहायला बोलावलं होतं. सभेतला प्रकार कानावर गेल्यावर त्या शेडही पाहून जाते म्हणाल्या. हॉरिसला शिडी धरायला म्हणून बोलावलं होतं.

आधी प्रायरी. डॉक्टरांनी टेबलावर केक मांडला होता, पुस्तिका मांडली होती. टकरबाईंनी चुलीवरची फुलं टॉर्च तिरका धरून नीट पाहिली.

"अशी फुलं लोक खरोखर काढत," त्या म्हणाल्या. "वाईट नजर लागू नये म्हणूनही काढत आणि उगाच म्हणूनही. नुसती पाहून वय सांगता येणार नाही."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. हॉरिस दारात टोपी हातात घेऊन उभा होता. त्याला एवढंच करायचं होतं की काही करायचं नाही. बाई निघून गेल्या असत्या, डॉक्टर सुखात मेले असते. पण टकरबाईंनी सरळ त्याच्याकडे वळून विचारलं, "मिस्टर थर्कटल, तुम्हाला यातलं काही ठाऊक आहे?"

अखेर त्याला कुणीतरी विचारलं होतं.

"तुळईच्या उजव्या टोकाशी फळी आहे बघा," तो म्हणाला. "सैल आहे. मागे आमच्या वडिलांनी काहीतरी लिहिलेलं असायचं. ते सगळीकडे लिहायचे."

फळी निघाली. मागच्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलनं, काल लिहिल्यासारखं स्वच्छ लिहिलेलं होतं: 'जेबेझ थर्कटल व मुलगा. मे १९३८. मालकीणबाईंनी तीन आठवड्यांत एकदाही चहा विचारला नाही.'

डॉक्टर जिन्याच्या पायरीवर बसले. टकरबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. अशा वेळी कुठे पाहायचं हे त्यांच्या धंद्यात शिकावंच लागत असणार.

"चौदा पानं," डॉक्टर म्हणाले. "एलिनॉर गेल्यावर पहिला हिवाळा मी या फुलांसमोर बसून काढला, थर्कटल. रोज. मला वाटायचं, कुणीतरी माणूस इथे असाच बसला होता, घाबरून. बरं वाटायचं."

हॉरिस जवळ गेला आणि त्यांच्या शेजारी, एक पायरी खाली बसला.

"बसला होताच की हो माणूस," तो म्हणाला. "घाबरलेलाही होता. बाप पबातून यायच्या आत वासे तासून ठेवायचे होते अन् मी एकही तासला नव्हता."

डॉक्टरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते हॉरिसला नीट कळलं नाही. पण दुखावलेला माणूस लगेच शहाणा होत नाही. शेडकडे जाताना डॉक्टर ताठ झाले आणि दारातच म्हणाले, "मिस टकर, एक प्रश्न आहे. ज्या माणसानं अख्खं गाव खोटं बनवलं, तो म्हणतोय ही शेड खरी. हीसुद्धा त्यानंच बनवली नाही कशावरून?"

"प्रश्न रास्त आहे," टकरबाई म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणता, मिस्टर थर्कटल?"

मर्टल डुकरांना मागच्या कुंपणात हाकत होती. ती थांबली. हॉरिस कधी नव्हे तो लालबुंद झाला. खोटारडा म्हटल्याचा त्याला राग नव्हता, ते खरंच होतं. पण आता जे सांगावं लागणार होतं ते त्यानं नेललासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यानं मधल्या खांबावर हात ठेवला, जिथे तीन लाकडं एकमेकांत अशी शिरली होती की कुठलं कुणात शिरलंय ते कळू नये. "हा सांधा बघा बाई. मला येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जमत नाही. त्रेपन्नच्या उन्हाळ्यात मी घरामागे, कुणी बघत नसताना, असा सांधा करून पाहिला होता. ओकचे तीन तुकडे वाया घालवले. चौथा जरा बरा आला तर मेख ठोकताना फुटला. चुलीत घातला अन् नेलला म्हटलं, लाकूड ओलं होतं." त्यानं नाक पुसलं. "मी पन्नास वर्षं जुनं दिसणारं काम केलं ते बाहेरून. वळ, भोकं, काळा रंग. आतून ते कसं उभं राहतं ते मला कधी आलंच नाही. हे मी केलं असतं ना डॉक्टर, तर मी गप्प बसलो असतो होय? चर्चच्या घंटेवर चढून ओरडलो असतो."

टकरबाई शिडीवर चढल्या, हॉरिसनं शिडी धरली. वरून बराच वेळ फक्त टॉर्चची टकटक आणि हं, हं असं ऐकू येत होतं. मग एकदाच, "अरे देवा." त्या खाली आल्या तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा काजळीनं माखला होता आणि त्या शाळेतून सुटलेल्या पोरीसारख्या दिसत होत्या.

पुढे झाडाच्या वर्तुळांवरून वय काढणारी माणसं आली. त्यांनी बारीक गिरमिटानं तुळयांमधून पेन्सिलीएवढे तुकडे काढून नेले. मर्टलनं त्यांच्याकडून वचन घेतलं की भोकं बुजवून द्यायची, कारण वारा येतो. जुलैत पत्र आलं. लाकूड १३९१-९२ च्या हिवाळ्यात तोडलेलं होतं.

सहाशे वर्षं! गावानं ते पत्र दुकानाच्या काचेवर लावलं. दुकानातली बाई हॉरिसला म्हणाली, "उकडतंय नाही आज?" आणि हॉरिसला समजलं की आपली शिक्षा संपली.

पण घर कुणाचं होतं, ते पत्रात नव्हतं. ते शोधून काढलं पेनफोल्डनी. सभेनंतर त्यांनी अध्यक्षपद सोडलं होतं. ते कुणाला दिसतही नव्हते. सप्टेंबरात कळलं की हा माणूस रोज सकाळच्या बसनं इप्सविचच्या दप्तरखान्यात जाऊन बसतो आहे. दप्तरं लॅटिनमधली, त्यांचं लॅटिन शाळेतलं, गंज चढलेलं, पण दात उपटणाऱ्याची चिकाटी होती. एका संध्याकाळी, चहाच्या वेळेला, त्यांनी हॉरिसचं दार ठोठावलं.

"थर्कटल, मी आत येऊ?"

"या की."

त्यांनी कोटही काढला नाही. कागद टेबलावर पसरला आणि उभ्यानंच वाचायला लागले. १३९८ सालच्या जमीनदाराच्या कचेरीतली नोंद होती. चर्चच्या मागच्या घरात राहणाऱ्या अ‍ॅग्नेस पाय नावाच्या बाईला दंड, पाणीदार बिअर विकल्याबद्दल. १३९९, पुन्हा दंड, त्याच बिअरबद्दल. १४०१, दंड, तिच्या डुकरांनी पाद्र्याची वाटाण्याची वाफ खाल्ल्याबद्दल. १४०२, दंड, कचेरीत बेलिफाला, म्हणजे जमीनदाराच्या कारभाऱ्याला, काठीनं मारल्याबद्दल.

हॉरिस खुर्चीतून घसरेपर्यंत हसला. डॉक्टरही हसत होते, डोळे पुसत होते. "साधू नाहीत हो," ते म्हणत होते, "एकही साधू नाही! एक पाणी घालणारी बाई आणि तिची डुकरं!"

दोघं तसेच उठून मर्टलकडे गेले. तिनं बादली खाली न ठेवता सगळं ऐकून घेतलं.

"बेलिफाला मारलं म्हणता?"

"हो. दोनदा."

"मग बरोबर आहे," मर्टल म्हणाली. "बाई बरी दिसतेय."

शेडची नोंद झाली. डुकरांनाही राहू दिलं. टकरबाईंनी अहवालात लिहिलं की इमारतीचा वापर मूळ वापराला धरून आहे. गाड्यांना जागा पेनफोल्डनी आपल्या मागच्या कुरणात दिली. क्लाइव्ह बगनं पाटी उतरवली नाही. त्यानं तिच्याखाली दुसरी लावली, 'सहाशे वर्षं पाणीदार बिअरची परंपरा असलेलं गाव', आणि हॉरिसला निरोप पाठवला की येत जा, लोक तुझ्याबद्दल विचारतात. गिरणीवाल्यांचं घरही विकलं गेलं. घेणाऱ्यांना खोट्या तुळयांचीच गोष्ट आवडली होती; हॉरिसनं त्यांना छऱ्यांची भोकं बोटानं दाखवली.

डॉक्टरांनी पुस्तिका पुन्हा लिहायला घेतली. दर मंगळवारी हॉरिस प्रायरीत जाऊन बसायचा, तो सांगायचा आणि डॉक्टर लिहायचे. कुठे काय नवं, कुठे काय त्याहून नवं. फुलांची चौदा पानं गेली. अर्धवट बाराव्या फुलाची टीप मात्र डॉक्टरांनी ठेवली, टपलीसकट.

मिस टकर पत्रं पाठवत राहिल्या आणि नोव्हेंबरात स्वतःच आल्या. जिल्ह्यात जेबेझनं किती घरं केली होती याचा कुणालाच पत्ता नव्हता, आणि त्यांना वर्षभरात सत्तर गावं पाहायची होती. हॉरिस येईल का बरोबर? चौऱ्याहत्तर वर्षांच्या हॉरिसनं डबा भरला आणि त्यांच्या व्हॅनमध्ये जाऊन बसला. पुढची पाच वर्षं, गुडघे साथ देईनात तोवर, तो आठवड्यातून दोन दिवस असा फिरला. लोकांना व्हॅन ओळखू यायला लागली. काही घरी तर ती दिसताच पडदे ओढून घेत.

डेबन नदीच्या बाजूच्या एका गावात एक बाई त्यांना दारातच भेटल्या. नवरा निवृत्त न्यायाधीश, घराला नाव ट्यूडर कोर्ट. बाईंनी चेहरा हसरा ठेवला होता, पण हात दाराच्या कडीवर होता. आत शिरताच हॉरिसनं मान वर केली. तुळईवर साखळीचे वळ होते आणि दर आठवा वळ तिरका होता. बापाच्या साखळीची एक कडी वाकलेली होती. त्यानं हात वर करून त्या तिरक्या वळावरून अंगठा फिरवला.

"काय म्हणता?" बाईंनी विचारलं. "खरं सांगा हो. आम्ही पाहुण्यांना सगळ्यांना चारशे वर्षं म्हणून सांगितलंय."

टकरबाईंनी वही उघडली. हॉरिसनं टोपी डोक्यावर चढवली.

"बाई, वडिलांच्या हातचं काम आहे. छत्तीस सालचं असेल. छप्पर धरून उभं आहे की नाही? उभं आहे. आता आणखी तीनशे चाळीस वर्षं कुणाला काही सांगू नका, मग तुमचंच म्हणणं खरं होईल."

बाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग त्यांनी न्यायाधीशांना हाक मारली. तोवर हॉरिस शिडी काढायला व्हॅनकडे गेला होता. माळ्यावर बापानं अजून काय काय करून ठेवलंय ते त्याला बघायचं होतं.